घळीला फाटे नसतात

(स्वयंपाकघर. टेबलावर डोंगराचा नकाशा पसरलेला, चार कोपऱ्यांवर चार बटाटे. नवरा, बायको आणि नवऱ्याचा धाकटा भाऊ. धाकट्याचा मुरगळलेला पाय पट्टी बांधून समोरच्या खुर्चीवर.)

वहिनी : म्हणजे मला बटाटे सोलायला या घरात जागा नाही, आणि त्या डोंगराला लोळायला अख्खं टेबल.

दादा : पाचच मिनिटं गं.

वहिनी : तुमची पाच मिनिटं मी लग्नापासून ओळखते. सरका. हा एक बटाटा तरी घेऊ दे.

धाकटा : तो नको, वहिनी. तो उचललात तर खिंडीची सुरळी होईल.

वहिनी : होऊ दे. सुरळीतली खिंड बरी, पाय तरी मुरगळत नाहीत.

दादा : तुला बघायचंय ना? मग बघ. इथं गाडी सोडायची. नेहमीची पायवाट या झाडीतून वर जाते. ती आपण धरायची नाही. ओढ्यात उतरायचं, ही घळ पकडायची आणि नाकासमोर थेट खिंडीत.

वहिनी : वाट सोडून?

दादा : वाट सोडून.

वहिनी : का?

दादा : जवळ पडतं.

वहिनी : भाऊजी, जवळ पडतं?

धाकटा : कागदावर पडतं. बोटभर.

वहिनी : आणि पायाखाली?

धाकटा : पायाखाली सगळा घसारा. पाऊलभर वर गेलं की अर्धं पाऊल खाली. वरून दगड सुटतात ते वेगळंच.

दादा : तू कुणाच्या बाजूनं आहेस?

धाकटा : मी लंगडा आहे, दादा. लंगड्याला बाजू नसते.

वहिनी : अहो, सोमवारी येणार कोण आहेत? त्या निवृत्त नर्सबाया. गेल्या वर्षी आल्या होत्या त्याच. त्यातल्या एकीला गुडघा नवा बसवलाय.

दादा : नवा म्हणजे आपल्यापेक्षा भक्कम.

वहिनी : दगड काय नवा-जुना विचारून सुटतो? आणि घळीत माणसं नेऊ नयेत हे मला शिकवलं कुणी? धुकं उतरलं की ना पुढं जाता येतं ना मागं, हे कोण म्हणायचं? याच टेबलावर त्या शहरातल्या पोरांना झाडलं होतंत, चहा अर्धा टाकून गेली बिचारी.

दादा : माणसानं मत बदलू नये का?

वहिनी : माणसानं बदलावं. पण तुम्ही? दाढीचा साबण मिळेना झाला तेव्हा आठवडाभर दाढी वाढवून हिंडलात, दुसरा साबण घेतला नाहीत. आणि अख्खी वाट बदलता?

धाकटा : साबण खरंच चांगला होता.

वहिनी : तुम्ही गप्प बसा. नाही, तुम्ही बोला. मला यात काहीतरी पाणी मुरताना दिसतंय. झऱ्यावरच्या टपरीवालीशी काही बिनसलं का यांचं?

धाकटा : बिनसायला आधी जमावं लागतं. ती बाई बकऱ्यांशिवाय कुणाशी बोलत नाही.

वहिनी : मग तिथली उधारी?

दादा : कसली उधारी? पायवाटेवर हल्ली गर्दी असते. लोक गाणी लावून चालतात. माझं डोकं उठतं. झालं समाधान?

वहिनी : आताच म्हणालात जवळ पडतं. आता गर्दी झाली. अजून थोडं थांबले तर तिसरं कारणही येईल.

दादा : तुला संशयाचं वेडच आहे.

वहिनी : असेल. तुम्ही दोघं भाऊ मघापासून एकमेकांकडे बघताय. म्हणताय, ही पातेल्यात बघतेय. पातेल्याला झाकण आहे, स्टीलचं. त्यात दिसता तुम्ही दोघं.

धाकटा : दादा, नकाशा गुंडाळू या का?

वहिनी : राहू दे. भाऊजी, तुमचा खोकला कसा आहे?

धाकटा : खोकला? बराय की.

वहिनी : सकाळी फोन आला होता. नर्सबायांतल्या थोरल्या बाईंचा. सामान काय आणायचं ते विचारलं, आणि मग म्हणाल्या, तुमच्या दिरांचा खोकला गेला का हो?

धाकटा : फार प्रेमळ बाई.

वहिनी : फार. जन्मभर वॉर्डात लोकांचे खोकले ऐकलेत त्यांनी. म्हणाल्या, तो छातीतला नव्हता. फाटा आला की यायचा. डावीकडे वळायचं असलं की एकदा, उजवीकडे असलं की दोनदा. त्यांना गंमत वाटली. मी पण हसले फोनवर.

दादा : वर हवा गार असते.

वहिनी : फाट्यापुरतीच?

दादा : सोड आता.

वहिनी : भाऊजी, मी तुम्हाला औषध देत होते. रोज, झोपताना. अख्खी बाटली संपवलीत.

धाकटा : हो.

वहिनी : कडूजहर असतं ते.

धाकटा : फार कडू, वहिनी.

वहिनी : मग प्यायलात कशाला?

धाकटा : नाही म्हटलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, मग खोकता कशाला.

वहिनी : तेच विचारतेय. तुमच्या धंद्याची रीत मला ठाऊक आहे. पुढं चालणाऱ्यानं नकाशा काढायचा नाही. त्यानं काढला की मागच्यांचा धीर सुटतो. नकाशा शेवटी चालणाऱ्याच्या पिशवीत. मामंजींपासून हे असंच. पण मागच्यानं खोकायचं आणि पुढच्यानं वळायचं, हे मामंजींच्या वेळी नव्हतं.

दादा : खुणा असतात आमच्या. प्रत्येक धंद्यात असतात.

वहिनी : असतील. यंदा खूण करणारा पाय वर करून बसलाय, आणि नेमकं यंदा तुम्हाला घळ आवडायला लागली. घळीला फाटे नसतात ना. वर चढ, मागं उतार. चुकायला जागा नाही तिथं. मरायला आहे.

धाकटा : वहिनी, असं बोलू नका.

वहिनी : मग कसं बोलू? त्या बाया याच टेबलावर न्याहारी करून जाणार. मी त्यांना डबे बांधून देणार.

दादा : तू या घरात आली नव्हतीस तेव्हापासून मी त्या खिंडीत जातोय.

वहिनी : मग सांगा ना. हा मी नकाशावर हात ठेवला. गाडीतून उतरलो. पुढं?

दादा : परीक्षा घेतेस माझी?

वहिनी : घेते. पास झालात तर बायांना तुमच्याबरोबर खुशाल पाठवते. घळीतून न्या, नाहीतर खांद्यावरून न्या.

दादा : गाडीतून उतरलो. कुंपण. फाटक उघडलं की परत लावून घ्यायचं, नाहीतर बकऱ्या खाली येतात. मग झाडी. चढ अंगावर येतो तिथं, पहिल्यांदा येणारे तिथंच बसतात. मग झरा. टपरी.

वहिनी : बरोबर. झऱ्यानंतर?

दादा : झऱ्यानंतर… मोठा खडक.

वहिनी : खडकाच्या कुठल्या अंगानं?

दादा : कुठल्या म्हणजे… खडकाच्या…

धाकटा : ख्ख. ख्ख.

दादा : उजव्या.

वहिनी : खोकू नका, भाऊजी.

धाकटा : सवय लागलीय, वहिनी. कळतच नाही.

वहिनी : ठाऊक आहे. मलाही लागलीय. हे बाजारात निघाले की मी चपला घालते. म्हणते, चला, माझेही पाय मोकळे होतील. माझे पाय इतके मोकळे आयुष्यात कधी झाले नव्हते.

दादा : तू त्यासाठी येतेस?

वहिनी : मी भाजी घ्यायला येते.

दादा : खरं सांग.

वहिनी : आधी तुम्ही सांगा. मी इतके दिवस विचारलं नाही, माझंही चुकलंच. आज विचारतेय.

धाकटा : दादा, मी सांगू का?

दादा : नको. तू बस. पाय वर ठेव, सूज येईल.

वहिनी : हात काढू का नकाशावरचा?

दादा : असू दे. काढून उपयोग नाही. झऱ्याच्या पुढचं मला काही आठवत नाही. खडक म्हणालो ना, तोसुद्धा तू हात ठेवायच्या आधी बघून घेतला होता.