मान नसलेलं गिऱ्हाईक

नाही, पण मला एक सांगा, ज्या प्राण्याला मानच नाही त्याला धरायचा कुठून? डोकं कुठं संपतं आणि पोट कुठं सुरू होतं, काही पत्ता नाही! तोंड, लगेच पाठ, पाठ संपली की... संपलाच, शेपूटसुद्धा नाही! आणि लोक मला सांगतात, ‘अहो, सोपं असतं, नीट उचलायचं.’ नीट म्हणजे काय? बत्तीस वर्षं डोकी हाताळतोय मी! बसा, तुम्ही बसा, मला उभ्यानंच बोलायची सवय, आमचा केस कापायचा धंदाच उभ्याचा, मी खुर्चीला टेकलो की मला शब्द सुचत नाहीत.

तर गिनीपिग. तुम्हाला सांगतो, हा प्राणी मी मागितला नव्हता. लेकीनं आणला. दोन वर्षं तिच्या खोलीत होता, तिच्या खांद्यावर बसून तिच्या वह्यांचे कोपरे खायचा, मग ती औषधांचा कोर्स करायला दुसऱ्या गावाला गेली, हॉस्टेलवर, आणि हा राहिला आमच्या गळ्यात. अंगावर नऊ भोवरे! मोजलेत मी. माणसाच्या डोक्यावर दोन भोवरे असले तर दोन बायका म्हणतात, मग ह्यानं करायचं काय? शिवाय भोवऱ्यापाशी केस कधी बसत नाहीत, पाणी मारा, तेल मारा, उभेच! म्हणून मी नाव ठेवलं भोवऱ्या. लेकीला नाव आवडलं. माझं एवढंच काय ते तिला आवडलं असावं, कारण बाकी आम्हा बापलेकीचं बोलणं म्हणजे मी दारातून ओरडणार आणि ती दार लावून घेणार.

आता हा घाबरलाय हे मला कळलंच नाही हो! कसं कळणार? आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाकडं जायचं कुठून? मागून! आणि वरून! समोर उभं राहून कुणी केस कापतं का? मागून जायचं, डोक्यावर हात ठेवायचा, जरा दाबायचा, माणूस गप्प होतो. लेक गेल्यावर चार महिने बायकोच खायला घालत होती, मग एक दिवस मी पुढं झालो आणि तेच केलं. पिंजऱ्याचं वरचं दार उघडलं, मागून हात घातला, पाठीवर ठेवला... आणि काय सांगू, जागच्या जागी स्तब्ध! मिशीसुद्धा हलेना! मी बायकोला हाक मारली, म्हटलं, ‘बघ, बघ, ह्याला म्हणतात हात! लेकीच्या अंगावर उड्या मारत होता, माझ्या हाताखाली कशी समाधी लागली!’ बायकोनं चष्मा लावला, वाकून बघितलं, म्हणाली, ‘अहो, समाधी कसली, काळीज बघा कसं धडधडतंय त्याचं.’ मी म्हटलं, तुला काय कळतं त्यातलं, बत्तीस वर्षं डोकी हाताळतोय मी!

आणि कात्री! कात्रीचं तर ऐकाच. लहान मुलं खुर्चीत रडायला लागली की आम्ही काय करतो, हवेत नुसती कात्री चालवतो, कचकच, कचकच, केस एक कापत नाही, पण पोर आवाज ऐकत बसतं, विसरतं. मी म्हटलं, ह्यालाही सवय लावू. रोज सकाळी दुकानात जायच्या आधी पिंजऱ्यासमोर उभं राहायचं आणि कचकच, कचकच. तिसऱ्या दिवशी आतून उत्तर आलं! दातांनी! कटकट, कटकट, कटकट! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू... मी कचकच, तो कटकट, मी कचकच, तो कटकट, दुकानात सगळ्यांना सांगितलं, घरी जुगलबंदी चालू आहे म्हणून!

आठ दिवसांत भोवऱ्या खाईना. पिंजऱ्यातल्या लाकडी खोक्यात शिरून बसला तो बाहेरच येईना. लेकीचा फोन. ‘बाबा, आई सांगते तो खात नाही. त्याचं वजन केलं का? नखं बघितली का?’ म्हटलं, अगं, हातात येईल तर बघीन ना! बायको हात लावत नाही, ती म्हणते, ‘खायला घालीन, पण उचलणार नाही, निसटून पडला तर पाप माझ्या माथी.’ त्यावर लेक काय म्हणाली ऐका, ‘बाबा, जो प्राणी हातात धरता येत नाही तो आजारी पडला तर कळतसुद्धा नाही. त्याला दवाखान्यात दाखवा. मी तीन आठवड्यांनी रविवारी येते. तोवर तो तुमच्या मांडीवर पंधरा मिनिटं शांत बसला तर ठेवा. नाहीतर माझी मैत्रीण त्याला घेऊन जाईल.’ आणि फोन ठेवला! बापाची परीक्षा! तीही उंदराच्या भावकीतल्यापुढं!

तुम्ही म्हणाल, मग देऊन टाकायचा की. हो ना, मीही तेच म्हणालो, देऊन टाकू, ब्याद जाईल. मग फोन खिशात घातला आणि पाणी प्यायला म्हणून फ्रिज उघडला, आणि खोक्याच्या आतून एवढासा आवाज आला, ‘वीऽक... वीऽक...’ फ्रिज उघडला की काकडी येते हे त्याला पाठ होतं. उपाशी होता, घाबरला होता, तरी विचारत होता. आणि लेक गेल्यापासून आमच्या घरात फ्रिजच्या दारावर विचारपूस करणारं दुसरं कोण होतं? खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. मला तो द्यायचा नव्हता. तो गेला असता तर तिची खोली खरोखरच रिकामी झाली असती.

गेलो दवाखान्यात. जनावरांच्या डॉक्टरीणबाई, वय असेल लेकीपेक्षा सातआठ वर्षांनी जास्त, आवाज मात्र हेडमास्तरणीचा. दात बघितले, पोट बघितलं, म्हणाल्या, ‘आजार काही नाही. भेदरलाय. काका, तुम्ही ह्याच्याजवळ जाता कसे?’ मी दाखवलं. असा मागून, असा वरून. बाई म्हणाल्या, ‘झालं! काका, ह्याच्या पिढ्यानपिढ्या वरून काय आलं तर घार आली. तुमचा हात म्हणजे घार!’ म्हटलं, बाई, पण तो हलत नाही हो, शांत बसतो. ‘शांत नाही, थिजतो. हललो तर मेलो असं वाटतं त्याला.’ मग मी हळूच कात्रीची जुगलबंदी सांगितली. बाईंनी पेन खाली ठेवलं. ‘दात वाजवतो म्हणजे तो सांगतो, पुढं आलास तर चावीन. आणि तुम्ही रोज सकाळी कात्रीनं त्याला तेच सांगत होता. काका, आठवडाभर तुम्ही एकमेकांना शिव्या देताय!’

बत्तीस वर्षं डोकी हाताळतोय मी... पण तिथं नाही बोललो हे.

मग सुरू झाली माझी शिकवणी. पहिला आठवडा काय करायचं? काहीही नाही! जमिनीवर बसायचं, पिंजऱ्याशेजारी, आणि हात लावायचा नाही. अहो, मी! जमिनीवर! बसायचं! पाच मिनिटांत माझ्या पायाला मुंग्या, सहाव्या मिनिटाला मी उठलो, तो खोक्यात, परत बसलो, परत उठलो, तो परत खोक्यात. बायको दारातून म्हणायची, ‘तो निवळेल हो, तुम्ही कधी निवळणार?’ अंगाला दुकानातल्या पावडरचा वास येतो म्हणून आंघोळ करून बसायचं. खोकला आला तर गिळायचा. आवाज हळू, एकसारखा, काहीही बोला म्हणाल्या बाई, फक्त वाढवू नका. मग मी त्याला दुकानातल्या गोष्टी सांगायला लागलो, कुणाला टक्कल पडतंय, कुणाला कळलेलं नाही...

दुसऱ्या आठवड्यात काकडी. समोरून! खालून! तळहात जमिनीवर, वाट बघायची. आला हो! एक पाऊल पुढं, मान लांब... म्हणजे मान नाहीच, पण जी काही होती ती लांब, काकडी ओढली आणि पळाला. आणि एका सकाळी मी शेजारी बसलो असताना हा एकदम हवेत उडाला! चारी पाय वर, कढईत लाही फुटावी तसा, परत उडाला, वळून उडाला! मी अनवाणी दवाखान्यात फोन... म्हणजे फोन करत अनवाणी रस्त्यावर, ‘बाई, झटका आलाय, तडफडतोय!’ बाई तिकडून शांतपणे, ‘काका, त्याला आनंद झालाय.’ आता आनंद झाल्यावर असं कोण करतं? आमच्याकडं तर आनंद झाला की लोक घसा खाकरतात!

दुकानातही घोटाळा. सवय लागली ना! एक जुनं गिऱ्हाईक येऊन बसलं, मी समोर गेलो, जरा वाकलो, तळहात दाखवला आणि वाट बघत उभा राहिलो. ते म्हणे, ‘काय हो, आधी पैसे द्यायचे का?’

तिसऱ्या आठवड्यात उचलणं. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, पाय लोंबकळले नाही पाहिजेत, आणि लगेच आपल्या छातीशी. नाकानं वर झटका दिला म्हणजे बस झालं, पुरे. शर्ट कुरतडायला लागला म्हणजे खाली सोडा, त्याला जायचंय... मी म्हटलं शर्ट आवडला असेल. नंतर ओला शर्ट बदलला. पण शुक्रवारी, तुम्हाला सांगतो, शुक्रवारी तो मांडीवर पसरला. मागचे पाय लांब सोडून, पोट टेकवून. आणि आतून बारीक घुरघुर, केस कापायचं मशीन मंद चालू ठेवलं की हाताला लागते तशी. बत्तीस वर्षं डोकी हाताळतोय मी, पण आपल्या हाताखाली कुणाला खरंच बरं वाटतंय हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

रविवारी लेक आली. मोबाईलवर पंधरा मिनिटं लावली, समोर बसली. मी भोवऱ्याला घेतलं. पाच मिनिटं झाली, पसरला. आठ मिनिटं झाली, घुरघुर. आणि नवव्या मिनिटाला लेक म्हणते, ‘बाबा, मी कोर्स सोडलाय.’

आता काय करणार! ओरडलो तर तीन आठवडे पाण्यात, भोवऱ्या खोक्यात, खोकं मैत्रिणीच्या घरी! मी तोंड उघडलं... आणि त्याच आवाजात, हळू, एकसारखं, अंगाई म्हणावी तसं म्हटलं, ‘डोकं... फिरलंय... का गं... तुझं?’ आणि काय चमत्कार बघा, हळू विचारलं तर तिला तो खरोखरचा प्रश्न वाटला! तिनं उत्तर दिलं! ‘नाही बाबा. मला तिथं रडू यायचं. दोन महिने झाले, मी कुत्र्यामांजरांचे केस कापायला शिकतेय.’ केस कापायला! ज्या मुलीच्या हातात कात्री येऊ नये म्हणून मी एवढी वर्षं उभा राहिलो, ती कात्री! तीही कुत्र्यांसाठी! माझ्या कानातून वाफ निघत होती, आणि मी गोड आवाजात, ‘दार... का लावायचीस मग... सांगितलं का नाहीस?’ ती म्हणाली, ‘तुम्ही विचारायला लागलात की मी थिजायचे, बाबा. तुम्ही म्हणायचात, गप्प आहे म्हणजे कबूल आहे.’

भोवऱ्या झोपला होता. तिनं फोनवर एक फोटो दाखवला, पांढरं कुत्रं. मी मुद्दाम कानामागे बघितलं, कारण कच्चा कारागीर तिथंच फसवतो, दिसत नाही म्हणून. कानामागे एक केस वाकडा नव्हता. मी म्हटलं, ‘कात्री कुणाची वापरतेस?’ म्हणाली, ‘तिथलीच, बोथट आहे.’ म्हटलं, ‘माझी धाकटी ने.’ ती रडली. पंधरा मिनिटं कधीच होऊन गेली होती. जाताना म्हणाली, ‘बाबा, आज पहिल्यांदा तुम्ही माझं शेवटपर्यंत ऐकलंत.’

छान झालं, म्हणाल तुम्ही. झालंच! पण हे सगळं दारात उभी राहून बायको बघत होती हो! परवा मी दुकानातून येतो, टेकतो न टेकतो तोच तिनं भोवऱ्याला आणलं. स्वतः! जी हात लावत नव्हती ती! एक हात छातीखाली, एक पायांखाली, बरोब्बर! अलगद माझ्या मांडीवर ठेवला, तो पसरेपर्यंत थांबली, घुरघुर सुरू झाली का हे कान लावून ऐकलं, आणि मग म्हणाली, ‘अहो, माझा भाऊ येतोय. सगळ्यांना घेऊन. दोन महिने.’

मेहुणा! जो माझ्याच दुकानात बसून माझ्याच गिऱ्हाइकांना सांगतो की कल्ले वर-खाली झालेत! माझ्या मांडीवर भोवऱ्यानं मागचे पाय लांब केले. मी एक श्वास घेतला... आणि अगदी हळू, अगदी गोड आवाजात विचारलं,

‘त्यांना आणायला किती वाजता जाऊ?’