सासूबाईंच्या भावाचं तत्त्वज्ञान

...नाही, हसू नका! आमच्या ह्या रियेका बंदरात काय हवं ते मिळेल, पण इटालियनमधलं तत्त्वज्ञान सर्बो-क्रोएशियनमध्ये आणणारा माणूस? छे! तुम्हाला सांगतो, त्यापेक्षा बायकोशी वाद जिंकणं सोपं. एकच माणूस हवा होता हो, एकच!

आणि कुणासाठी? सासूबाईंसाठी! फूमिकाबाई, वय अठ्ठ्याऐंशी, जीभ अठराची. यांचा थोरला भाऊ ओताव्यो महायुद्धानंतर बापाबरोबर सीमेपलीकडे त्रिएस्तला गेला, इटालियन झाला, तत्त्वज्ञ झाला आणि 'असणं' या एका शब्दावर चारशे पानं लिहून बसला! ह्या आईजवळ राहिल्या. तेव्हापासून भावाशी अबोला आणि इटालियनला कुलूप. आता भावानं पुस्तक पाठवलं, तर मला म्हणतात, "जावईबापू, आपल्या भाषेत आणा, मग बघते काय एवढं लिहिलंय मेल्यानं!" मला इटालियन येतं ते पिझ्झ्यापुरतं!

झाग्रेबच्या एका भाषांतरकार बाईंना फोन केला. बाई मोठ्या विदुषी. नाकातून म्हणतात, "सर्बो-क्रोएशियन? देश फुटला, तेव्हाच ती भाषा वारली. मी फक्त क्रोएशियनमध्ये करते." सासूबाईंना सांगितलं, तर त्या उसळल्या, "वारली? मग मी सकाळपासून बडबडतेय ती कशात? शाळेत हेच नाव होतं, हेच राहणार!" बरं, बेलग्रेडचे एक प्राध्यापक गाठले. कबूल झाले! पहिलं पान आलं... वर लेखकाच्या दोन ओळी आणि खाली यांच्या तीस! "मूळ लेखकाचं चुकलंय, मी सुधारलंय." अहो, तुम्हाला सुधारायला सांगितलं कुणी? एकच माणूस हवा होता हो! तिसरा आमच्याच बंदराजवळचा, वॉशिंग मशिनची माहितीपत्रकं भाषांतरित करणारा. त्याचं पहिलंच वाक्य: "असणे सुरू करण्यापूर्वी झाकण नीट बंद करावे."

डोकंच फिरलं! बस धरली, थेट त्रिएस्त. म्हटलं, म्हाताऱ्याच्या पुढ्यात पुस्तक आपटतो आणि येतो. त्यानं दार उघडलं, मी हातवारे करत "सिन्योरे, सिन्योरे" करतोय, तर म्हातारा चक्क आमच्या भाषेत, आमच्याच हेलात, "आत ये रे. फूमिका अजून तशीच भांडते का?"

अहो, मग तुम्हीच करा ना भाषांतर! केवढा ओरडलो मी! तर शांतपणे म्हणतो, "माझी ही भाषा तेरा वर्षांच्या पोराचीच राहिली बघ. तिच्यात 'असणं' नाही. भूक आहे, समुद्र आहे, फूमिका आहे..."

भांडायला गेलेला मी... खिशातून मोबाईल काढला! तिथूनच घरी फोन लावला, म्हाताऱ्याच्या कानाला दिला. तो म्हणाला, "फूमिका?" पलीकडून सासूबाईंचा आवाज आला, "फोन जावईबापूंना दे. मी तुझ्याशी बोलत नाही!"

तेव्हापासून रोज, माझं जेवण गार करून, हा तमाशा! फोन मधे, स्पीकरवर, दोघांचा आवाज दोघांना खणखणीत ऐकू येतो, तरी ह्या म्हणतात, "विचारा त्याला, जेवला का." तो म्हणतो, "तिला सांग, जेवलो." मी सांगतो! सर्बो-क्रोएशियनमधून सर्बो-क्रोएशियनमध्ये! एकच माणूस हवा होता ना? हा घ्या, मिळाला!

आणि काल सासूबाई काय म्हणाल्या माहितेय?

"जावईबापू, तुमचं भाषांतर जरा कच्चंच आहे हं."