सूपभर कोंड्याला घेतलेला

—तर रड तुला हवं तेवढं, मालन, पण त्या पोराला ओढू नको. हात उपटशील त्याचा. बघितलंस ना, कशी पाठ फिरवली तुज्याकडं? बस तिथं ओटीवर. आईपण काय बिस्किटांच्या डब्यात घालून आणता येतं होय? म्हणे, लेकाला न्यायला आलेय मुंबईहून. कुणाचा लेक? आधीची दोन सटवीनं नेली तुजी, म्हणून या तिसऱ्याला नाळ पडायच्या आत माज्या पदरात टाकलंस — सूपभर कोंडा घेतलास न् विकलंस, अख्ख्या वाडीच्या देखत. म्हणून तर तो कोंडू. — हो गो, ठाऊक हाय मला, ती नुसती रीत. पोर परक्याचं झालं म्हटलं की सटवी वाट सोडते. दूध तूच पाजलंस दीड वरीस, याच ओटीवर, पाहुणीसारखी बसून. मी कुठं नाय म्हणते? गायपण पाजते वासराला, तिचं कोण कौतुक करीत बसत नाय.

पण मग मुंबईला कोण गेलं? महिपत गिरणीतनं दमून यायचा, त्याला ऊन भात कोण वाढणार — घोवाची केवढी ती काळजी — न् पोरगं? पोरगं माज्याकडं, हौसाकाकीकडं. हौसाकाकीला काय, तिची कूस उजवली नाय, ती हौसेनं सांभाळील. सांभाळला की. दाढा आल्या तेव्हा कुणाचं बोट चावलं त्यानं? खळ्यात पडला तर कुणाच्या लुगड्यात नाक पुसलं? तुज्या चाळीत ऐकू आलं असेल नाय, त्याचं रडणं. श्रावणात ताप भरला तेव्हा ‘आये, आये’ करीत पडलेला, न् मी उशाशीच बसलेली, न् हा आपला दाराकडं बघून — ते जाऊ दे. तापात माणूस कुठंही बघतं.

काय म्हणतेस, बुजलाय? शिकव आता मला. बुजरा नाय माजा कोंडू. कासार आला बांगड्या भरायला, तर त्याच्या मांडीवर चढून बसला. टपालवाल्याची पिशवी ओढतो, भागोजी गुरवाच्या दाढीला लोंबतो. जगात कुणाला म्हणून बुजत नाय तो. एकट्या तुज्याकडंच तेवढी पाठ. काल तू आलीस तेव्हापास्नं बघते मी — तू आत गेलीस की दारापर्यंत येऊन डोकावतो, न् तू वळलीस की लगेच भिंतीकडं तोंड. परक्या बाईला कोण एवढं करतं? परक्याला काय, हसायचं न् पिशवी ओढायची. हे तर — हे म्हणजे —

रुसलाय मेला.

माज्यावर नाय रुसला कधी. परवा चुलीत हात घालत होता म्हणून चांगला धपाटा दिला मी, तरी लागलीच हसला. कासाराला हसतो तसाच. मी आपली म्हणायची, किती गुणी पोर, किती शाणं.

गप बस. तू हसू तर मुळीच नको. दीड वरसाचं टाकून गेलेलीस, तुजा काय पराक्रम नाय यात. न् ते बिस्कीट नाचवू नको त्याच्या नाकापुढं, माकडवाला करतो तसं. जा, त्याच्या पाठीशी जाऊन बस नुसती. हात लावू नको. बोलू नको. एवढंपण सांगावं लागतं म्हणजे कमाल हाय तुमच्या मुंबईची. — थांब. बघ. टेकला. तोंड नाय वळवलं, पण टेकला.

झालं तुज्या मनासारखं. आता रडत काय बसलीस, नीघ. बंदरावर बोटीपर्यंत नेणारा पडाव थांबायचा नाय तुमच्यासाठी, न् पडाव चुकला की बोट गेली. झोपताना कान धरायला लागतो त्याला. स्वतःचा नाय, दुसऱ्याचा. दुखतो, पण धरू द्यायचा. न् कुणी चाळीत विचारलं, एवढे दिवस कुठं होता, तर सांग, शेजारीण होती एक.

न् शिमग्याला आणशील ना त्याला, तेव्हा माज्याकडं बघून हसत धावत आला, तर तसाच परत ने. पाठ फिरवली, तरच आत आण.

जा म्हटलं ना.