वर चढणारं पाणी

—नाही, ते नंतर बघा, सी बूजमा, आधी चहा घ्या. आणि बघायचंच तर समोरच्या भिंतीवरचं बघा, ते माझं आहे. राबातच्या प्रदर्शनासाठी तुम्ही आमच्या आझरू गावातून एकच चित्र निवडणार ना? मग? हे तुम्ही बघताय ते तूदाचं, आमच्या शेजारच्या मुलीचं. शिकलीय कुठं? कुठंच नाही. मी ब्रसेल्समध्ये चित्रकला शिकत होते तेव्हा ही माझ्या आईच्या हातमागाशी बसून लोकर विंचरत होती. हे दालन मी डोंगरातल्या पोरींची चित्रं जगानं पाहावीत म्हणून काढलं, उद्घाटनाला तसं भाषणही केलं— पण म्हणून पहिला नंबर तूदाचाच, असं कुठं म्हटलं होतं? बरं, विचारताय तर सांगते. हा मोठा लाल आकार— जड, खाली सरकत चाललेला. खालच्या कडेला ही तुटक्या बोटांची रांग. भाव उदास, बुडत्या माणसाचा. आणि हे निळे ओघळ वर चढतायत— स्वप्नातलं पाणी, दुसरं काय! तिकडं असलं ढिगानं पाहिलंय मी. सगळं उसनं.

मान का वाकडी करताय? उलटं? उलटं कसं असेल, मीच टांगलंय. बरं, धरा ते टोक— फिरवा— हं.

बोटं नाहीत ती. दोरे आहेत, मागाचे उभे दोरे, वरून कापलेले. आमच्याकडं गालिचा मागावर असतो तोवर जिवंत असतो, सी बूजमा. उतरवताना वरचे दोरे कापतात आणि मयताला घालतात तसं त्याच्यावर पाणी शिंपडतात. विणणारीनं शिंपडायचं, ती नसेल तर तिच्या लेकीनं. आई गेली तेव्हा तिचा लाल गालिचा मागावरच होता. मला निरोप आला होता— माझी परीक्षा होती— आले तेव्हा माग मोकळा. कुणी कापला, मी विचारलं नाही. आता कळलं. आई फोनवर सारखी म्हणायची, इत्तो, तूदाचा हात अगदी माझ्यासारखा चालतो बघ. तूदाचा! मी तिकडं रंगांची नावं पाठ करतेय, आणि माझ्या आईचा हात तूदाला! ते पाणी माझं होतं. तिनं नुसतं शिंपडलं नाही, रंगवलंसुद्धा— आणि इथं आणून देताना काय आहे ते सांगितलं नाही, मी ओळखीन असं तिला वाटलं असेल.

उदास? नाही हो, उदास कुठंय. मयताला अंघोळ घातल्यावर घर गार, स्वच्छ होतं ना, तसं आहे हे. लिहा, तूदाचंच नाव लिहा. आणि उठा आता, चहा राहू द्या— मी परत उलटं टांगायच्या आत घेऊन जा.