पाचशे फ्रँकांचे चार पौंड

काय सांगू मास्तरीणबाई, लिवून घेताय तर घ्या, मी मूळची भाजे गावची, बाप मळवली टेसनावर टांगा हाकायचा, लगीन लवकर झालं आन् नवराबी लवकर गेला, मग मी लोणावळ्याला एका सायबाच्या बंगल्यात आया म्हणून लागले. त्यांचा जॉनी माज्याच हातावर वाढला, माज्यासंगं मराठीच बोलायचा. पगार मडम आपल्याकडंच ठेवायची, म्हणायची अमिना, तुज्याकडनं चोरीला जाईल, माज्याकडं ऱ्हाऊ दे. मलाबी पटलं.

मग ती मंडळी विलायतेला निघाली. मडम म्हणाली, पोराला सांभाळत चल, साचलेला पगार आन् वर बक्षिसी धरून वीस पौंड देते, परतीचं तिकीटबी देते. एका पौंडाला तेरा रुपयाच्या वर मिळतात म्हणं, मी तर मनातल्या मनात भाज्याचं घर कौलारू करून टाकलं. बोटीत लय उलट्या झाल्या, तरी पोराला खाली ठिवलं न्हाई.

मार्सेल्स म्हणून फ्रान्सचं बंदर हाय, तितं उतरलो तर मडमची आई गोरी दाई घेऊन हाटेलात हजर. लगीच मडम म्हणाली, आता तुजं काम न्हाई, उद्याच्या बोटीनं परत जा. आन् हातावर बोटीचं तिकीट आन् पाचशे फ्रँकच्या नोटा ठिवल्या, तितला पैसा तो. म्हणाली, एका पौंडाचं पंचवीस फ्रँक, म्हंजे तुजं वीस पौंड झालं. हिशोब बरोबरच हुता की. मी सलाम करून निघाले.

धक्क्यावर रत्नागिरीकडचा हसनभाई भेटला, माज्या परतीच्या बोटीवरचा खलाशी. म्हणाला, फ्रँक मुंबईला न्हेऊन काय करशील, हितंच पौंड करून घे. दोघं पैसं बदलायच्या दुकानात गेलो. दुकानदारानं नोटा मोजल्या आन् चार पौंड म्होरं सारलं. चार! मी वरडलेच, बाकीचं सोळा कुटं गेलं? हसनभाईनं त्याला इचारून मला समजावून सांगितलं, की पंचवीसचा भाव चौदा सालच्या लढाईच्या आदीचा, लढाईत फ्रान्सनं नोटा छापछापून छापल्या, फ्रँक सवंग झाला, आता एका पौंडाला सव्वाशे फ्रँक मोजावं लागतात, रोजचा भाव ह्या पाटीवर असतोय.

अंगाची लाही झाली माज्या. नोटा उचलल्या आन् तशीच हाटेलात गेले, दारवान अडवीत हुता, त्याला ढकललं. मडम चा पीत हुती. नोटा मेजावर टाकल्या आन् म्हणले, मडम, पंचवीसचा भाव खरा असंल तर ह्या तुमी घ्या आन् मला वीस पौंड द्या, तुमचं काय जातंय? मडम लालबुंद. म्हणाली, मला काय ठावं भावाचं. मी म्हणले, मग सायबाला बलवा. सायेब आला, माज्याकडं बघंना, खिशातनं धा पौंड काढलं, नोटा वडून घेतल्या, म्हणाला एवढ्यावर जा. जॉनी आत आया आया करून रडत हुता, त्याला भेटू दिलं न्हाई. कामाची चिठ्ठी मागितली तर मडम म्हणाली, भांडकुदळ बाईला चिठ्ठी कसली!

चिठ्ठीबिगर पुन्ना कुठल्या बंगल्यानं मला दारात उभं केलं न्हाई बाई. त्या धा पौंडातनं कोंबड्या घेतल्या, आजबी लोणावळ्याच्या बाजारात अंडी इकते, पोट भरतंय. तुमी इचारता राग गेला का. का जावा? अल्ला जॉनीला सुखी ठेवो, बाप्या झाला असंल आता. पण त्याच्या आईबापाकडं माजं धा पौंड बाकी हाईत, तेवढं लिवा, आन् पौंडातच लिवा.