सुट्टीच्या दिवसाची गोळी

मानसोपचारतज्ज्ञांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक नवरा-बायको नंबर लागायची वाट बघत बसले होते. तिच्या हातात गोळ्यांचं पाकीट होतं.

"या उरल्या कशा?"

"हळू बोल, लोक बघताहेत."

"बघू देत! डॉक्टर म्हणाले होते, रोज घ्यायची, मनाने बंद करायची नाही."

"कामाच्या दिवशी घेतो की. न घेता लेथ मशीनवर लक्ष उडालं तर बोट जाईल. सुट्टीला घरीच तर असतो. तेवढीच औषधाची सवय कमी."

"कोणी सांगितलं हे?"

"सांगायला कशाला हवं? मला कळत नाही?"

"कळतं ना! म्हणून दर रविवारी गरगरतं, डोक्यात झटके येतात आणि ताट भिरकावता."

"तो आजार आहे, बाई."

"मग सोमवारी जेवून गोळी घेतली की कुठे जातो आजार? मशीनसाठी गोळी घेता. आम्ही काय घोडं मारलंय तुमचं?"

"बरं, घेईन रोज. आत मात्र हे काढू नकोस. गोळी लागू पडत नाही, एवढंच सांगू."

"म्हणजे ते अजून जास्तीची देतील! लागू पडायला ती आधी पोटात जावी लागते. खरं काय ते तुम्हीच सांगायचं, माझ्यासमोर."

"एवढं भडकायला काय झालं?"

"परवा लेकीने विचारलं, 'उद्या बाबांना सुट्टी आहे?' मी नाही म्हटलं, तर उड्या मारायला लागली पोरगी."