पेस आणि पेस्कादो

दातांच्या दवाखान्यात निवृत्त ग्रंथपाल पुस्तकात नाक खुपसून बसला होता, पण कान शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याकडे लागले होते.

“नातवानं फोनवर विचारलं, तुमच्याकडे ठेवलेला माझा मासा कसा आहे? तर तुम्ही काय बोललात?”

“तिकडं स्पॅनिश शाळेत जातो ना, म्हणून त्याच्या भाषेत बोलावं म्हटलं. पेस्कादो फार छान आहे, म्हणालो.”

“आणि पोरगं ओक्साबोक्शी रडलं!”

“अगं, स्पॅनिशमध्ये पेस्कादो म्हणजे खायला धरलेला मासा. पाण्यात पोहतो तो पेस. मला काल कळलं.”

“आजोबांनी मासा खाल्ला, असं धरून बसलाय तो. फोनवर येत नाही. आता पेस म्हणा, मासा दाखवा, की मिटलं.”

“काय दाखवू? सकाळी पोट वर करून तरंगत होता.”

“अगं बाई! बोलला नाहीत ते?”

“तुझी दाढ ठणकत होती.”

“मग आता त्याला काय म्हणायचं?”

“पेसच. कुणी खाल्ला नाही ना.”

“मग तसं सांगा त्याला.”

“सांगेन गं. पण त्याच्या जागी मी असतो, तर मलाही खरं वाटलं नसतं.”